पेटाऱ्याचा पिवळा दिवा

मित्रांनो, सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, मोडक्या स्टुलांच्या मागे चाकांवरचा एक पत्र्याचा पेटारा उभा आहे. त्याच्यावर कुणी चहाचे कप ठेवतं, कुणी ओली छत्री वाळत घालतं. तो पेटारा म्हणजे मी. हसू नका! मी एक जुना यंत्रमानव आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, हे कबूल. पण एके काळी मी कुणी न ढकलता, माझा मी, वाट बघून चालत होतो.

माझा जन्म १९९५ सालचा. मला घडवलं आम्रपालीनं. ती मूळची औंधची, या कॉलेजात संशोधन करायला आलेली. माझी चाकं तिनं भंगारातून शोधून आणली आणि मोटारी जुन्या यंत्रांतून काढल्या. जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून मी चालायचो. समोरचं दिसावं म्हणून तिनं मला दोन डोळे बसवले. डोळे कसले, उजेड टाकून तो परत येतो का ते बघणारी दोन भिंगं! पण मला त्यांचा भारी अभिमान होता.

आपल्या आपण चालणाऱ्या यंत्रावर माणसानं कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा, हा तिच्या संशोधनाचा प्रश्न होता. त्यासाठी तिनं मला एक नियम घालून दिला. दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं तरच पुढं जायचं. एक म्हणाला वाट मोकळी आणि दुसरा म्हणाला कुणीतरी आहे, तर आपल्याला कळत नाही असं समजायचं, जागीच थांबायचं आणि डोक्यावरचा पिवळा दिवा लावायचा.

नियम पारखायला मला माधवनगरला, सुकुमार शेठ यांच्या यंत्रमागांच्या कारखान्यात नेलं. बायका यंत्रावर सुताच्या कांड्या भरायच्या आणि त्या मागांपर्यंत पोचवायचं काम माझं. मागांचा खडखडाट असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. कामगारांनी माझं नाव पेटारा ठेवलं आणि आठवड्याभरात माझ्याकडे बघायचंही सोडलं.

फक्त अंबूबाई सोडून. त्या कांड्या भरायला बसायच्या तेव्हा त्यांची पाठ माझ्या वाटेकडे असायची. मी जवळ आलो, की हातातलं काम टाकून त्या गर्रकन वळायच्या आणि मी पुढं जाईपर्यंत माझ्यावरची नजर काढायच्या नाहीत. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, हरिबा दुसऱ्या एका गिरणीत होते. तिथं मागून आलेल्या माल वाहायच्या गाडीनं त्यांचा पाय कायमचा मोडला होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्रपालीला विचारलं, "पोरी, ह्याला दिसलंच न्हाई तर गं?"

"तर हा थांबेल, मावशी. माझा शब्द."

"बगू की," अंबूबाई म्हणाल्या, पण वळायचं काही थांबलं नाही.

आणि मी थांबायचो, अगदी सारखा थांबायचो. कापसाचं बारीक तूस उडून एखाद्या डोळ्यावर बसलं, की दोघांचं बिनसलंच! मग पिवळा दिवा लागायचा, आम्रपाली धावत येऊन भिंग पुसायची आणि तिकडे माग कांड्यांवाचून उभा राहायचा. सुकुमार शेठ शांत माणूस, पण तेही वैतागले. ते म्हणाले, "मॅडम, खंडेनवमीला पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर हे विनाकारण थांबलं, तर दुसऱ्या दिवशी परत न्या."

परत नेलं असतं तर आम्रपालीचं संशोधन अर्ध्यात बुडालं असतं. तिचे संशोधनाचे सर तिला समजावत होते आणि मी तिथंच उभा होतो. "खंडेनवमीपुरतं एका डोळ्यावर चालू दे त्याला. प्रोग्राममधली एक ओळ तर बदलायची आहे. कुणाला कळणार आहे?"

माझ्या पत्र्यावर हात ठेवून ती म्हणाली, "सर, मी मावशींना शब्द दिलाय. तो फक्त पाहुणे नसतानाच पाळायचा का?"

ती ओळ तशीच राहिली.

खंडेनवमीला माग धुऊन पुसून लख्ख केले होते. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. माझ्यापाशी येऊन मात्र सगळे घुटमळले. तेव्हा अंबूबाई उठल्या. "आज कुणाला वगळायचं न्हाई," म्हणाल्या. पण जवळ यायचा धीर होईना, म्हणून बाजूला उभं राहून त्यांनी हार लांबूनच माझ्यावर टाकला. तो तिरपा पडला आणि माझा उजवा डोळा फुलांनी गच्च झाकला.

माझ्या पाठीवर पेढ्यांचा खोका ठेवून आम्रपालीनं मागून बटण दाबलं. डावा डोळा म्हणाला, वाट मोकळी. उजवा म्हणाला, कुणीतरी अगदी पुढ्यात आहे. मी थांबलो आणि दिवा लावला.

पाहुणे खो खो हसले. शेठचा चेहरा उतरला. "समोर चिटपाखरू नाही, आणि हे थांबलं! झालं मॅडम, उद्या घेऊन जा." आम्रपालीनं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात अंबूबाई पुढं आल्या. इतक्या जवळ त्या कधीच आल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या डोळ्यावरचा हार हातानं बाजूला केला, आणि मी सुरळीत चालू लागलो.

"आवं शेठ," त्या म्हणाल्या, "म्होरं कोन न्हाई हे तुमाला दिसलं. त्याला कुटं दिसलं? माज्याच हारानं डोळा झाकला हुता त्याचा. कळंना म्हनून गप हुबं ऱ्हायलं बिचारं. आमच्या मालकांच्या पाठीवर आली ती गाडी अशी थांबली असती तर?"

शेठनी एक पेढा उचलून अंबूबाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे मॅडम, हे इथंच."

दसऱ्याला आम्रपाली औंधला बुद्धविहारात जाऊन आली. दुसऱ्या दिवसापासून माग पुन्हा खडखडू लागले. मी कांड्या घेऊन निघालो, अंबूबाईंच्या जवळ आलो आणि सवयीनं त्यांच्या वळण्याची वाट पाहिली. त्या वळल्या नाहीत. पाठ माझ्याकडे, मान खाली, बोटं सुतावर. मी त्यांच्या मागून हळूच निघून गेलो. मित्रांनो, पुढं कॉलेजात माझं पुष्कळ कौतुक झालं, पण त्या पाठीएवढा मान मला कुणी दिला नाही.

नंतर माझ्याहून हुशार यंत्रं आली आणि मी या कोपऱ्यात आलो. आता आम्रपाली मुलांना शिकवते. अधूनमधून येते आणि पदरानं माझी भिंगं पुसते. माझ्यावर कप ठेवा, माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो, एखादं यंत्र "मला कळत नाही" म्हणून थांबलं, तर त्याला चापट मारू नका, आधी त्याचे डोळे पुसा. आणि जे कधीच असं म्हणत नाही, त्याच्याकडे पाठ करून बसू नका.