दिव्याचे तेल

कोंढ्याच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावात तेजराम यांची तेलघाणी आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाची ख्याती पार पवनीपर्यंत पसरलेली असून, त्यांच्यावर जो प्रसंग ओढवला तो या ख्यातीमुळेच ओढवला, असे माझे नम्र मत आहे.

फल्ली, म्हणजे भुईमूग, घाणीत घालण्यापूर्वी तेजराम व त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दाणे निवडीत बसत. टपोरा दाणा गिऱ्हाइकाच्या तेलासाठी. काळपट, सुरकुतलेला, हिरवट बुरशी धरलेला दाणा घरच्या तेलासाठी. "चांगला माल आपनच खाल्ला, तं धंद्यात इमान काय रायलं?" असे ते म्हणत. त्या घरची भजी किंचित कडू लागत. परंतु सचोटीची चव तशीच असावी, अशी त्या कुटुंबाची समजूत होती.

यंदा कृषी सहाय्यकांनी तो निवडलेला ढीग पाहिला. ही बुरशी दाण्यात विष निर्माण करते, ते घाणीच्या तेलात उतरते, तळल्याने नाहीसे होत नाही आणि हळूहळू यकृताचा घात करते, असे त्यांनी समजावून सांगितले. सत्यभामाबाईंनी अंगणात खेळणाऱ्या खुशबूकडे, आपल्या नातीकडे, पाहिले.

"आतापासून हे तेल माह्या चुलीवर चढनार नाई," त्या म्हणाल्या.

परंतु डबा तर भरलेला होता. विकणे पाप, नालीत ओतणे त्याहून मोठे पाप. अखेर तेजरामांनी तो मारोतीच्या देवळात नेला आणि "फक्त दिव्यासाठी" असे बजावून समितीचे अध्यक्ष सेवकराम यांच्या स्वाधीन केला. देवाला यकृताची बाधा होत नसावी, असा त्यांचा विचार असेल.

हनुमान जयंतीला महाप्रसादाची पंगत बसली. तेजरामांनी पुरीचा पहिला घास घेतला मात्र, तो परिचित कडवटपणा जिभेस जाणवला. त्यांनी शेजारी बसलेल्या खुशबूचा हात धरला.

"सेवकरामभाऊ, पुड्या कोनत्या तेलात तळल्या?"

"तुमच्याच! एवढं शुद्ध तेल दिव्यात कायले जाळाचं?"

"अरे, ते खराब आहे! बुरशीच्या दान्याचं आहे. म्हनूनच तं दिव्याले देल्लं!"

पंगत हसली.

"पाहा, आपल्याच मालात खोट काढाची सवय काई जात नाई याईची," सेवकराम म्हणाले. "वाढा रे, तेजरामभाऊले अजून दोन पुड्या!"

"इष आहे त्यात, इष!"

"तुमीच सांगत होते ना, घरी हेच खातो म्हनून? मंग मेले काहून नाई?"



"आबाजी, खाऊ का नोको?" खुशबूने विचारले.

तेजराम उठले, पुऱ्यांची टोपली त्यांनी मातीत पालथी केली आणि चुलीकडची ओंजळभर राख कढईत टाकली.

प्रसादाच्या या विटंबनेने गाव हादरले. विष सावकाश काम करणारे असल्यामुळे ज्यांनी पुऱ्या खाल्ल्या होत्या, त्यांपैकी कोणालाही त्या दिवशी काहीच झाले नाही. आणि तेजरामांविरुद्ध हाच सर्वांत मोठा पुरावा ठरला. माणूस मोठा झाला, की त्याला गर्व होतो, असे सर्वांचे एकमत झाले.

समितीने त्यांना बोलावून शिक्षा सुनावली: महाप्रसादाचे तेल यापुढे तुमसरहून येईल, तेजरामांचे उरलेले तेल केवळ दिव्यात जाळले जाईल.

तेजरामांनी हात जोडले. सेवकरामांना ती क्षमायाचना वाटली.