कंपनीतलं शेत

आमच्या ह्यांचं शेत कुंभिवलीच्या पाइप कंपनीत गेलं. आलेल्या पैशातून कुणी घरं बांधली, कुणी टेंपो घेतला. ह्यांनी त्याच कंपनीचे शेअर घेतले. "जमीन इकली नाय मी, कंपनीला कसायला दिलीय," असं ते गावभर सांगत. कारखान्याची शेड उभी राहिली ती दुसऱ्यांच्या जमिनीवर. आमचा ओढ्याकडचा तुकडा तसाच मोकळा राहिला, आणि एसटी तिथून गेली की हे खिडकीतून मान काढून तो बघत.

मी खालापूरच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे कंपनीचा इंग्रजी वार्षिक अहवाल वाचायचं काम माझ्याकडे. ह्यांना फक्त दोन गोष्टी हव्या असत, फायदा किती आणि डिव्हिडंड किती. मला मात्र संशयाची खोड. दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते की न विकलेला माल वाढतोय, कर्ज वाढतंय, शेअर विकून मोकळे व्हा. आमची सगळी पुंजी त्या एका कंपनीत होती. ती बुडाली तर म्हातारपणी खायचं काय?

"शेत कुनी इकतं का गं?" एवढंच उत्तर मिळायचं. मग मी भांडी आपटायची.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र कंपनीचा फायदा एकदम दुप्पट झाला, डिव्हिडंडही वाढून आला. ह्यांची स्वारी खुशीत.

"बघ मास्तरीण! ओढ्याकडं नवं खांबबी रोवलेत. कंपनी वाढतेय माझी."

मला ते झोंबलं. वाल सोलायचे बाजूला ठेवून मी अहवाल घेऊन ओटीवर बसले. पाइपांच्या धंद्यात चक्क तोटा होता. सगळा फायदा आला होता 'इतर उत्पन्ना'तून, आणि ते काय, तर आवाराच्या पश्चिमेकडची मोकळी जमीन कंपनीने दुसऱ्या कुणाला विकली होती.

पश्चिमेला मोकळी जमीन होती ती आमचीच.

वाद मी जिंकले होते, पण ह्यांचं शेत गेल्याचं ह्यांना सांगणं जिवावर आलं. हा माणूस मला फार आवडतो, त्यात लाजायचं काय? पण गप्प बसून चालणार नव्हतं. मी सगळं वाचून दाखवलं.

"पश्चिमेची म्हंजे ओढ्याकडची?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"मंग ते खांब?"

"घेणाऱ्याचे असतील."

त्यांनी अहवाल माझ्या हातातून घेऊन ते पान उलटसुलट बघितलं. मग एकदम हसायला लागले. "म्हंजे माझं शेत दोनदा इकलं, आन् दोनी येळेला पैसं मीच खाल्लं!"

मीही हसले. हसता हसता डोळे भरून आले, ते पदराला पुसले.

शेतच उरलं नाही म्हटल्यावर ह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात खोपोलीच्या बँकेतल्या साहेबांमार्फत सगळे शेअर विकले. बाकीच्या लोकांना नुसता फायदाच दिसत होता, त्यामुळे भाव झकास मिळाला. आता एकाच ठिकाणी सगळं घालायचं नाही, असं मी बजावलं आणि तीन कंपन्यांचे अहवाल मागवले. त्यातली एक खोपोलीचीच होती.

रविवारी चहा घेत मी तिचा अहवाल वाचून दाखवला. विक्री दर वर्षी वाढती, कर्ज थोडं, उधारी वेळेवर वसूल. 'इतर उत्पन्न' नावाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे सगळं मन लावून ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

"धंदा चोख दिसतोय," ते म्हणाले. "पन ती उभी कुनाच्या शेतावर हाय, ते वाच की."

मी पानं पुढे-मागे केली.

"ते यात लिहीत नाहीत."

"मंग चल, इचारून येऊ," म्हणत ते सदरा घालायला उठले.