सदतिसावा रकाना

स्पर्धा पलीकडच्या शहराला मिळाली.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरा. आमच्या महापालिकेत ते कुणीही वाचलेलं नाही. ज्या पत्रात ते होतं त्या पत्रावर आवक क्रमांक पडलेला नाही, आणि आवक क्रमांक नसलेली गोष्ट आमच्याकडे घडत नाही. तेव्हा स्पर्धा कुणाला मिळणार हे अजून ठरायचंय, असं धरून चालू.

आमचं शहर आणि पलीकडचं शहर यांच्यामध्ये एक किलोमीटर रुंद नदी आहे. तिच्यावर शेजारी शेजारी दोन पूल आहेत, कारण दोघांनाही स्वतःचा हवा होता. त्यांनी बेचाळीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं तेव्हा आम्ही बेचाळीस हजार एक खुर्च्यांचं बांधलं. ती वरची एक खुर्ची कुठेच बसेना, म्हणून ती स्कोअरबोर्डच्या मागे आहे. तिच्यावर बसलं की स्कोअरबोर्डची पाठ उत्तम दिसते.

यंदा प्रश्न मॅरेथॉनचा होता. जगभरातले धावपटू, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, सगळं. आयोजकांची अट एकच होती: शर्यत शहरातल्या सर्वात देखण्या वसाहतीतून सुटली पाहिजे. त्यामुळे भांडण शहरांचं राहिलं नाही, बंगल्यांचं झालं. आमची टेकडीवरची वसाहत विरुद्ध त्यांची नदीकाठची वसाहत.

महापालिकेने स्पर्धा कक्ष उघडला. कक्षात साहेब होते आणि मी होतो. माझ्याकडे तुलना तक्ता भरायचं काम आलं. मी टेप घेऊन दोन्ही वसाहतींमधून महिनाभर फिरलो. ऑफिसात मला फूटपट्टी म्हणायला लागले. घरी आधीपासूनच म्हणायचे.

आता यात माझा काय फायदा, असं कुणी विचारेल. सांगतो. माझे बाबा स्टार्टर आहेत. शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि एकतीस वर्षं शहरातली प्रत्येक शर्यत त्यांच्या पिस्तुलाने सुटली. आंतरशालेय, पोलीस भरती, बँक कर्मचाऱ्यांची चमचा-लिंबू शर्यत, सगळी. मोठ्या स्पर्धेत स्टार्टर यजमान शहराचा असतो असा नियम आहे, आणि पासष्टाव्या वर्षी स्टार्टरचा परवाना संपतो असाही नियम आहे. बाबांना डिसेंबरमध्ये पासष्ट पूर्ण होणार होती. मॅरेथॉन नोव्हेंबरमध्ये होती.

 बाबा स्टार्टरचा लाल कोट ड्रायक्लीनरकडे टाकून आले आणि रोज सकाळी गच्चीवर जाऊन हात वर करून उभे राहायला लागले. आई म्हणाली, खांद्याचा व्यायाम चाललाय. शेजारच्यांना वाटलं, अँटेना बिघडलाय आणि ते स्वतः धरून उभे आहेत.

तक्त्यात सदतीस रकाने होते. रस्त्याची रुंदी, झाडं, दिवे, फुटपाथ असं. आमच्या वसाहतीत फुटपाथ नाही. होता, पण त्याच्यावरून लोक चालायला लागले म्हणून काढून टाकला. त्यांच्याकडे फुटपाथ आहे, त्यावर संगमरवरी बाकं आहेत आणि प्रत्येक बाकावर 'बसू नये' अशी पितळी पाटी आहे. आमच्याकडे कुंपणाच्या भिंती इतक्या उंच आहेत की शेजारी एकमेकांना फक्त कुत्र्यांच्या आवाजावरून ओळखतात. त्यांच्याकडे भिंतीच नाहीत, कारण आपलं घर दिसलं नाही तर ते असून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. हे मला मावशीकडून कळलं. मावशी लग्न होऊन पलीकडे गेली आणि नदीकाठच्या वसाहतीच्या मागच्या गल्लीत राहते. पहिली वीस वर्षं ती 'तुमच्याकडे' आणि 'आमच्याकडे' यात गोंधळायची. आता गोंधळत नाही.

छत्तीस रकाने झाले तेव्हा गुण अठरा-अठरा होते. शेवटचा रकाना होता: 'इतर वैशिष्ट्य'. तो रिकामा होता आणि माझ्या हातात पेन होतं.

मी लिहिलं: शांतता.

खोटं काही नव्हतं. मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन टेकडीवर गेलो होतो. यंत्राने नोंदवलेला दिवसभरातला सर्वात मोठा आवाज माझ्या पोटाचा होता. नदीकाठी मात्र कारंजी, गवत कापायची यंत्रं, आणि मावशी. साहेबांनी तक्ता वाचला आणि पहिल्यांदाच मला खुर्चीवर बसा म्हणाले. मग म्हणाले की समितीचे निरीक्षक चाचणी शर्यत बघायला येणार आहेत, नुसतं लिहून भागणार नाही, हमीपत्र जोडा. मी हमीपत्र तयार केलं: 'चाचणी शर्यतीदरम्यान वसाहतीत पन्नास डेसिबलपेक्षा मोठा कोणताही आवाज होणार नाही.' साहेबांना सहीची घाई नसते, मला होती. मी केली.

वसाहतीच्या अध्यक्षीणबाईंनी हमीपत्र दोनदा वाचलं आणि त्यांचं समाधान झालं. त्यांनी स्वतःहून काही सुधारणा सुचवल्या. धावपटूंनी मऊ तळव्यांचे बूट घालावेत. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवू नयेत, मान हलवावी. आणि ते पिस्तूल येणार नाही ना, असं त्यांनी सहज विचारलं.

माझ्या डोक्यात पिस्तूल आलंच नव्हतं. मी तीस वर्षं त्या पिस्तुलाबरोबर एका घरात राहिलोय. तरी आलं नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते कोटाची बटणं तपासत होते. चाचणीपुरतंच आहे, मी म्हणालो, एकदा स्पर्धा मिळाली की नोव्हेंबरमध्ये खुशाल बार काढा, तेव्हा कोण अडवतंय. चाचणीला रुमाल हलवा. बाबांनी विचारलं, कुठल्या रंगाचा. एवढंच.

चाचणीच्या दिवशी सकाळी सात वाजता टेकडीवर चाळीस धावपटू रेषेवर उभे होते. समितीचे तीन निरीक्षक आले होते. त्यातल्या प्रमुख बाई होत्या आणि त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. साहेब टाय लावून आले होते. बाबा लाल कोटात, उजव्या हातात हिरवा रुमाल घेऊन, छोट्या स्टुलावर चढले. पिस्तूल कोटाच्या खिशात होतं. का आणलं, मी विचारलं नाही. चष्मा लावणारा माणूस वाचायचं नसलं तरी चष्मा घेऊन निघतो.

बाबा हळू आवाजात म्हणाले, जागा घ्या. चाळीस जण वाकले. बाबांनी रुमाल हलवला.

कुणीही हललं नाही.

बाबांनी पुन्हा हलवला. पुन्हा काही नाही. वाऱ्याने एक पान रेषेवरून पलीकडे गेलं; त्या सकाळी रेषा ओलांडणारं ते पहिलं.

मग माझ्या लक्षात आलं. हे चाळीसच्या चाळीस जण बाबांच्या हाताखाली नाहीतर बाबांच्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली तयार झालेले. एकतीस वर्षं बाबांनी या शहराला एकच गोष्ट शिकवली होती: डोळे जमिनीवर, कान माझ्याकडे. जो मान वर करेल तो फाउल, जो बार व्हायच्या आधी हलेल तो घरी. एकदा स्कूटरच्या आवाजाला दचकलेल्या एकाला त्यांनी घरी पाठवलं होतं. तो पुढे आमदार झाला, पण अजून बाबांसमोर बसत नाही. आदल्या दिवशी रुमालाबद्दल सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण रुमाल बघायला मान वर करावी लागते.

मी दबक्या पावलांनी पहिल्या धावपटूजवळ गेलो, त्याच्या कानाशी म्हणालो की सुटली, पळा. तो जमिनीकडे बघतच कुजबुजला, "हात लावू नका दादा, फाउल होईल."

चार मिनिटं झाली. प्रमुख बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं की शर्यत किती वाजताची आहे. साहेब म्हणाले, सुरूच आहे. बाईंनी धावपटूंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी नियमाप्रमाणे मान हलवली.

मी स्टुलाजवळ गेलो.

"बाबा, मारा."

"नाही."

"खिशात आहे ना? एक बार. मी बघतो काय व्हायचं ते."

"तू सही केलीयस."

"सही गेली खड्ड्यात. तुमची शेवटची संधी आहे ही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा नेहमीसारखाच होता, शर्यतीआधीचा.

"आजवर फाउल करणाऱ्या प्रत्येकाला घरी पाठवलंय," ते म्हणाले. "तू तर घरीच राहतोस. तुला कुठे पाठवू?"

त्यांनी रुमालाची नीट चौपदरी घडी केली, खिशात पिस्तुलावर ठेवली आणि स्टुलावरून उतरले. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. याआधी कधी घेतला नव्हता.

प्रमुख बाईंनी वहीत नोंद केली. मी शेजारीच होतो, मला वाचता आली: 'स्पर्धकांची शिस्त उत्कृष्ट. शांतता उत्कृष्ट. शर्यत आढळली नाही.'

तिघं निरीक्षक गाडीत बसले. ड्रायव्हरने दार लावलं, आणि जरा जोरात लावलं.

धाड.

चाळीस जण सुटले. एकतीस वर्षांची तयारी त्या पायांत होती. निरीक्षकांनी गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलं तर चाळीस माणसं जमिनीकडे बघत आपल्या अंगावर धावून येतायत. त्यांनी ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितली. गाडी जितकी जोरात गेली तितके हे जोरात गेले, कारण पुढे गाडी असते ती मार्ग दाखवायला, हेही बाबांनीच शिकवलेलं. पुलाच्या तोंडापर्यंत त्यांनी गाडी सोडली नाही. जाणकारांचं म्हणणं आहे की तो विक्रम होता. बाबांचं म्हणणं आहे की तो सामूहिक फाउल होता.

पुढच्या आठवड्यात पलीकडची चाचणी झाली. मावशीचा फोन दुपारीच आला. आमच्याकडे कसलं पिस्तूल, ती म्हणाली, सरळ तोफ आणली होती. तोफेच्या आवाजाने कारंजं बंद पडलं, तीन खिडक्या फुटल्या आणि वसाहतीतली सगळी कुत्री शर्यतीत उतरली. एक तिसरं आलं. निरीक्षक बाई हसत होत्या म्हणे. मग मावशीने जरा थांबून विचारलं, भाऊजी कसे आहेत. मी म्हटलं, गच्चीवर आहेत. हात वर करून? नाही, मी म्हटलं, नुसते.

त्यानंतर एक पत्र आलं. त्याचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय, म्हणजे सांगितलेलं नाही. साहेबांनी ते पाहिलं, आवक टेबलाकडे न देता खिडकीच्या फटीत खोचलं, कारण खिडकी वाऱ्याने आपटायची. स्पर्धा कक्षाची बैठक अजूनही दर मंगळवारी होते. शेवटच्या बैठकीत पाहुण्यांना पाणी ग्लासात द्यायचं की बाटलीत, यावर मतदान झालं. एक-एक मत पडलं.

मी त्या मतदानानंतर टेप घेऊन नदीवर गेलो, पण नदी टेपने मोजता येत नाही. नकाशावरून काढलं. त्यांची सुरुवातीची रेषा आणि आमचा घाट यांच्यात अंतर साधारण एक हजार तीस मीटर. मग कक्षाच्या कोऱ्या लेटरहेडवर अर्ज टाइप केला आणि पलीकडच्या महापालिकेला पाठवला. यावेळीही साहेबांची वाट पाहिली नाही. स्थळप्रत सोबत देतो.

'प्रति, मा. आयुक्त. विषय: मॅरेथॉनच्या प्रारंभाबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, स्पर्धेच्या दिवशी सकाळी ठीक सहा वाजता आमच्या तीरावरील घाटावरून, लाल कोट परिधान केलेले एक परवानाधारक स्टार्टर (परवान्याची मुदत शिल्लक: सतरा दिवस) पिस्तुलाचा एक बार काढतील. सदर आवाज आपल्या रेषेपर्यंत पोहोचण्यास अंदाजे तीन सेकंद लागतील. तरी आपल्या तोफेचा आवाज अनधिकृत समजण्यात यावा, धावपटूंना डोळे जमिनीवर व कान नदीकडे ठेवण्याच्या लेखी सूचना देण्यात याव्यात, आणि सदर तीन सेकंदांपूर्वी जे कोणी हलतील, ते कोणत्याही देशाचे असोत अथवा कुत्रे असोत, त्यांना फाउल ठरवून घरी पाठवण्यात यावे.

आपल्या लेखी मंजुरीची एक प्रत, आवक क्रमांकासह, सत्वर मिळावी, ही विनंती.'