अर्ध्या बोटाची लाली

विहीणबाईंना वागण्याची काही रीतच नव्हती. आठ दिवस राहायला आल्या त्या नातीसाठी सहा फ्रॉक घेऊन, तेही दुकानातले. ज्या घरात चाळीस वर्षं शिवणाचं मशीन चालतंय, त्या घरात.

आजीचा नियम पक्का होता. तान्ह्या बाळाला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती. नवं कापड आणलंच तर तीन पाण्यांतून काढायचं, मगच कात्री लावायची. खळ आणि कच्चा रंग कोवळ्या कातडीला चावतात, हे ती गिऱ्हाइकांना दटावून सांगायची. तिची झबली दिसायला विटकी, पण अंगाला सायीसारखी. विहीणबाईंचे फ्रॉक गुळगुळीत, चकचकीत. आत वारा शिरत नाही की घाम टिपला जात नाही. पोरीला प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यासारखं, असं ती सुनेला येता-जाता ऐकवत होती. पण पोर त्या झालरी मुठीत धरून खिदळायची, सून फोटो काढायची, आणि आजीचा जळफळाट व्हायचा.

मंगळवारी तिने लालभडक, कडक सुती कापड आणलं आणि दुपारभर बसून फ्रॉक शिवला. धुतलं असतं तर कापडाचा ताठा गेला असता, झालर लोळली असती. म्हणून नाही धुतलं. पोरीला घातला, विहीणबाई ‘छान झालाय हो’ म्हणाल्या, तेव्हा कुठे आजीला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या अंगावर पुरळ. आजीला आयतंच सापडलं. तिने तोंडाचा पट्टा सोडला. दिखाऊ माणसं, दिखाऊ कापड, सगळं काढलं. विहीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. उद्याच निघते म्हणाल्या आणि फ्रॉक पिशवीत भरायला लागल्या. सून डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

पोरीला ओल्या फडक्याने पुसायला आजीने मांडीवर घेतलं आणि तिचा हात थांबला. घामाचं पुरळ काखेत येतं, जांघेत येतं, वळ्यांत साचतं. काखा तर स्वच्छ होत्या. लाली होती गळ्याभोवती, अर्धं बोट रुंद, आखून काढल्यासारखी. दंडांवरही तेवढीच. लाल फ्रॉकच्या गळ्याला आणि बाह्यांना तिने गोट लावला होता तो अर्ध्या बोटाचाच, कडेला कापड दुहेरी दुमडून. दुकानातल्या फ्रॉकना गोट नव्हताच. हे ताडायला तिला टेप लागली नाही.

गप्प बसता आलं असतं. विहीणबाई गेल्या असत्या, पोर एकट्या तिची झाली असती. तसा विचार तिने केलाही, चांगली पाच मिनिटं. पोर गळ्याकडे मूठ नेत होती, पण तिला नीट खाजवताही येत नव्हतं.

पोरीला कडेवर घेऊन आजी विहीणबाईंच्या खोलीत गेली आणि तिने पिशवी पलंगावर उपडी केली.

“हे तुमच्या फ्रॉकने नाही, माझ्या फ्रॉकने झालंय. न धुता घातला मी, तुमच्यावर मात करायची म्हणून. तुमचं कापड प्लास्टिकच आहे, ते मी मागे घेत नाही. पण या पुरळात तुमचा दोष नाही, विहीणबाई. धरा हिला. जायचंबियचं काही नाही.”