एमेच्या रस्त्यावरचे पाच शिक्के

० किमी. तुराक. चर्चच्या पायऱ्यांपासून निघा. पहिला चढ सावकाश घ्या, गुडघे अजून झोपेत असतात.

हा कागद एमेने लिहिलेला. चौऱ्याण्णव किलोमीटरचा गोल रस्ता, सहा खिंडी, पाच गावं, आणि प्रत्येक गावात एक ठिकाण, जिथे सायकलवाल्याने आपल्या कार्डावरच्या चौकटीत शिक्का मारून घ्यायचा. एमेला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मार्चमध्ये मार्ग-समितीचं पत्र आलं: पाचपैकी निदान तीन ठिकाणी अजून शिक्का मिळतो असं दाखवा, नाहीतर एमेच्या आडनावाचा ‘काब्रोल मार्ग’ यादीतून काढावा लागेल. म्हणून त्याची बायको रोझीन, वय चौसष्ट, जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी सातला कोरं कार्ड घेऊन पायऱ्यांपाशी उभी होती. मंगळवारच, कारण रोकबेरच्या मेअरचं कार्यालय आठवड्यातून त्याच दिवशी उघडतं.

एमेचा धाकटा भाऊ जिल्बेर दहा मिनिटं उशिरा आला. आवाज न करता आला, कारण सायकल विजेची.

“आले आमचे दीर, मोटार घेऊन.”

“हसा वहिनी, हसून घ्या. शेवटच्या खिंडीत ढकलायला हीच मोटार लागेल.”

“एमेने बघितलं असतं तर दारात उभं केलं नसतं तुला.”

“एमेने बघितलं होतं. म्हणाला, आता तरी माझ्या मागे पडू नकोस.”

त्याच्या पाठीवरच्या खिशात काहीतरी चौकोनी फुगलं होतं. रोझीनने बोट दाखवलं. “काय कोंबलंयस? सॉसेज?”

“लागेल तेव्हा कळेल,” म्हणत तो पुढे निघालासुद्धा.

१४ किमी. मायराक. पहिला शिक्का, बेकरी. बाई गरम पावाचं टोक कापून देतात. नको म्हणू नका.

बेकरीच्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. दाराशेजारी भिंतीत एक यंत्र. जिल्बेरने नाणं टाकलं, आत काहीतरी खडखडलं आणि खालच्या फटीतून लांब पाव बाहेर आला.

“याला शिक्का मार म्हणावं,” तो म्हणाला.

रोझीन यंत्राच्या चारी बाजूंनी फिरून आली. तिला स्वतःलाच कळेना, आपण काय शोधतोय. मग दोघांनी उभ्याउभ्या पाव खाल्ला. टोक तिने खाल्लं. थंड होतं.

पहिली चौकट रिकामी.

२९ किमी. कुस्तोर. दुसरा शिक्का, कॅफे. युगेत विचारेल, कुणाच्या घरचे? खरं सांगा.

युगेतने तसं विचारलं नाही. ती एक्याऐंशी वर्षांची, पण शिक्का तिला पहिल्या खणात सापडला. एकदा मारला, पुसट आला, म्हणून त्याच्यावरच पुन्हा मारला.

“एमे कुठे राहिला?”

जिल्बेर एकदम कॉफी ढवळायला लागला.

“मागे राहिला,” रोझीन म्हणाली.

“म्हातारा झाला म्हणायचा! सांग त्याला, ऑगस्टच्या आत येऊन जा. मग मुलगी मला नार्बोनला नेणारे. इथे कोण बसणार, मांजर?”

४३ किमी. रोकबेर. तिसरा शिक्का, मेअरचं कार्यालय. फुलदाणीतल्या फुलांबद्दल चांगलं बोला.

फुलदाणी नव्हती. कारकून बाईने कार्ड उलटसुलट केलं, नाव लिहून घेतलं, सही घेतली आणि शिक्का मारला. निळा, गोल, ठसठशीत. रोझीनने त्याच्यावर फुंकर घातली.

“दोन झाले,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “किराणावाला किंवा तुझी वाइनरी, एकाने दिला की सुटलो. आणि तुझ्या वाइनरीची मला काळजी नाही. तिथला अध्यक्षच बरोबर आहे.”

अध्यक्ष सायकलच्या साखळीकडे बघत होता. साखळी जागेवर होती.

५१ किमी. इथून दोन्ही हातांना कॅरिन्यान द्राक्षं, शंभर वर्षांच्या वेली. बोलू नका. नुसतं चालवा.

दोन्ही हातांना उघडी लाल माती. उपटलेल्या वेलींची खोडं मुळं वर करून ढिगांत रचलेली. वेल उपटणाऱ्याला सरकार भरपाई देत होतं. डोंगराच्या पोटापर्यंत सगळ्यांनीच घेतली होती. डावीकडचा शेवटचा तुकडा जिल्बेरचा. तो तिथून जाताना उजवीकडे बघत होता. इथला कोरडा सेर्स वारा समोरून धूळ आणत होता. दोघं बोलली नाहीत, नुसतं चालवत राहिली, कागदात लिहिल्याप्रमाणे.

६२ किमी. पाद्रेस. चौथा शिक्का, किराणा. समोर कारंजं. पाणी, बारा महिने. मी प्यायलो आहे.

किराण्याचं शटर खाली आणि गंजलेलं. कारंज्याच्या तोंडाला पोतं बांधलेलं. कठड्यावर एक तरुण मुलगी बसली होती, चेहरा लालबुंद, शेजारी आडवी टाकलेली सायकल. तिच्या मांडीवर एमेचा कागद होता.

रोझीनला आधी अक्षर दिसलं, मग मुलगी. हाच कागद समितीच्या संकेतस्थळावरून कुणीही उतरवून घेऊ शकत होतं, हे ती विसरलीच होती.

“इथे लिहिलं आहे पाणी,” मुलगी मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. “बारा महिने. मी तीस किलोमीटर हेच पाणी विचार केला.”

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, “एप्रिलपासून बंद आहे ते! टँकर येतो सोमवारी. आमच्याकडेच नाही, तुम्हाला कुठून देऊ?” आणि खिडकी लागली.

रोझीनने आपली बाटली मुलीला दिली. मुलगी अर्धी प्यायली, मग लाजून थांबली. नाव मारेइके. हॉलंडहून एकटी आलेली. “तिकडे डोंगर नाही,” ती म्हणाली, जणू तेवढं कारण पुरेसं होतं.

“पी सगळं. पुढे वाइनरीत नळ आहे, अंगणातच. सोळा किलोमीटर. चल आमच्याबरोबर.”

“वहिनी,” जिल्बेर म्हणाला, “माझीही बाटली द्या तिला.”

“तुला नको?”

“मला मोटार आहे.”

त्याने विनोद केला, पण हसला नाही. रोझीनच्या हे खिंड चढताना लक्षात आलं. चढ आठ किलोमीटरचा, सावली कुठेच नाही. मारेइके दोनदा उतरली. दुसऱ्यांदा रस्त्याकडेला वाकून उलटी करायला लागली, तेव्हा रोझीनने तिचं कपाळ धरलं. कपाळ तापलेलं आणि कोरडं.

“थोडंच राहिलं,” रोझीन म्हणाली. “तिथे पाणी आहे. मी सांगते ना.”

जिल्बेर पाठ करून उभा होता.

७८ किमी. सहकारी वाइनरी. पाचवा शिक्का. माझा भाऊ असला तर एक ग्लास मिळेल. दोन मागा.

फाटकाला साखळी, साखळीला नवं कुलूप.

“शुक्रवारी मतदान झालं,” जिल्बेर कुलपाकडे बघत म्हणाला. “खालच्या मैदानातली मोठी वाइनरी घेतेय आम्हाला. म्हणजे नाव घेतेय. एकोणीस सभासद उरले होते, वहिनी. मीपण हातच वर केला.”

“आणि नळ?”

“पाणी त्याच दिवशी तोडलं.”

“जिल्बेर, मी या मुलीला सोळा किलोमीटर आणलं.”

“माहीत आहे.”

“तू तिथेच का नाही बोललास?”

“तुम्ही मार्चपासून कॅलेंडरवर खुणा करत होतात. माझ्या तोंडून निघेना. वाटलं, आत कुठेतरी एखादी बाटली असेलच.”

किल्ली त्याच्याकडे होती. आत त्याला वाइनच्या पिंपांमागे गरम झालेल्या पाण्याची एक बाटली सापडली. ती त्यांनी मारेइकेच्या डोक्यावर आणि मानेवर ओतली, उरलेलं पाजलं. भिंतीच्या बोटभर सावलीत तिघं बसून राहिली. अर्ध्या तासाने मुलीच्या तोंडावर जरा रंग आला.

मग जिल्बेरने पाठीवरच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. वाइनरीचा शिक्का आणि शाईची डबी.

“आणा कार्ड. तीन होतात. एमेचं नाव राहतं. बंद झाली हे समितीला कोण सांगणारे? वर्ष-दोन वर्षं सहज निघतील.”

रोझीनने कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं. पाचवी चौकट इतकी लहान होती. शिक्का मारायला एक श्वास पुरला असता.

“आणि ऑगस्टमध्ये कुणी आलं तर?”

“कोण येतंय, वहिनी?”

तिने मारेइकेकडे बघितलं. मारेइकेला वाटलं, आता आपली पाळी. तिने ओलं झालेलं आपलं कार्ड पुढे केलं. त्यावरही दोनच शिक्के होते.

“तिला दे,” रोझीन म्हणाली. “ती पायांनी चढून आली.”

“आणि तुम्ही?”

“तिला दे म्हटलं ना.”

जिल्बेरने अंगठ्याने तारखेची चाकं फिरवून शुक्रवारचा मंगळवार केला आणि मुलीच्या कार्डावर शिक्का दाबला. स्वच्छ उमटला. रोझीनने पेन काढून आपल्या चौकटीत लिहिलं: बंद. मग पहिल्या आणि चौथ्या चौकटीतही तेच लिहिलं. दुसरीत, युगेतच्या शिक्क्याखाली, बारीक अक्षरात: ऑगस्टपर्यंत.

“एमेला पुन्हा मारलंत तुम्ही,” जिल्बेर हळूच म्हणाला.

हेल्मेटचा पट्टा लावायला रोझीनला बराच वेळ लागला.

९४ किमी. तुराक. चर्चच्या पायऱ्या. कुणी नसेल तर आपली टाळी आपणच वाजवा.

जिल्बेरची बॅटरी दोन किलोमीटर आधीच संपली होती. तो सायकल हातात धरून मागून येत होता. चौकातल्या नळाला पाणी होतं. मारेइकेने नळाखाली डोकं धरलं, बाटल्या भरल्या, कागद वाचला आणि खरंच टाळ्या वाजवल्या. तीन-चारच. नंतर इकडेतिकडे बघून थांबली.

रोझीनने कार्ड समितीच्या पत्त्याच्या पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं. टपालपेटी भिंतीतच होती. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

“तो कागद दे मला,” ती मारेइकेला म्हणाली.

“मी ठेवू? आठवण?”

“नाही. त्यात पाणी लिहिलंय.”