मिलिग्रॅममध्ये मिलिलिटर

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली, तेव्हा तिच्या पंपाला दुसरी आई मिळाली होती. तान्ह्या बाळांना थेंबाथेंबाने औषध देणारा तो पंप अजून कारखान्याबाहेर पडला नव्हता. त्याचा प्रोग्राम तिने लिहिला होता. रजेच्या काळात आलेल्या नव्या मुलीने तो एका कडक संगणकभाषेत नव्याने उतरवला होता, आणि साहेब येताजाता त्या भाषेचे गोडवे गात होते.

"एवढं काय आहे या भाषेत?" तिने नाक मुरडत विचारलं.

"सासूबाई आहे हो," मुलगी हसली. "काही म्हणजे काही खपवून घेत नाही."

सगळे जेवायला गेल्यावर तिने आपला डोसचा जुना हिशोब मुद्दाम नव्या भाषेत जसाच्या तसा लिहिला. सासूबाई तो मुकाट्याने घेतील आणि पोरीचा तोरा उतरेल, असं तिला वाटत होतं. पडद्यावर लाल ओळ आली: मिलिग्रॅममध्ये मिलिलिटर मिळवता येत नाहीत.

चूक तिचीच होती. जुन्या भाषेने दोन्ही नुसते आकडे समजून गिळले होते. तिला घरचं बाळ आठवलं.

"ताई, ते मला पहिल्याच आठवड्यात दिसलं," मागून मुलीचा आवाज आला. "दुरुस्त केलं. साहेबांना सांगितलं, माझ्याच हातून झालं होतं."

पोरीने चूक पकडली ती पकडली, वर स्वतःच्या अंगावरही घेतली, हे तिला जास्त झोंबलं. ती उठून तडक साहेबांच्या खोलीकडे निघाली. निदान कबुली देण्यात तरी हिला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं.