मनकर्णाची झडती

शालिग्रामच्या झडत्या ऐकायला पार रिठदहून माणसं येत, आणि गंमत अशी की त्या झडत्या शालिग्रामच्या नव्हत्याच. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की एखादा गडी चार ओळींची यमकदार झडती ठणकावतो, कोणाची फिरकी घेतो, कोणाचं पितळ उघडं पाडतो आणि शेवटी ‘हर बोला’ म्हणतो. गाव ‘हर हर महादेव’ची आरोळी देतं, पाटील तोरण तोडतो, आणि बैल पूजेला घरोघर जातात. झडती झकास झाली तर पाटलाकडून फेटा. शालिग्रामनं असे तीन फेटे मिळवले होते. तिन्ही फेट्यांच्या झडत्या जुळवल्या होत्या त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, कपाशीची पऱ्हाटी निंदता निंदता. नवरा म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

मनकर्णाला त्याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. वीस वर्षांची पोर. आपल्या डोक्यात येते ती बायकी बडबड, नवऱ्याच्या तोंडून निघाली की तिची झडती होते, अशीच तिची समजूत होती. कोणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

चोपन्न सालच्या पोळ्याआधी पाटलानं पांधण नांगरली. गावाची जुनी गाडीवाट, ती त्यानं सरळ आपल्या वावरात घेतली. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायकांना डोक्यावर घागरी घेऊन अर्ध्या कोसाचा वळसा पडू लागला. गडी पारावर बसून चुकचुकले आणि गप्प झाले. मनकर्णाचं मात्र डोकं भडकलं. तिसऱ्या दिवशी झडती तयार होती. तिनं म्हणून दाखवली तेव्हा शालिग्राम मांडीवर थाप मारून हसला.

“म्हणीनच मी! भेतो का काय कोणाच्या बापाले?”

पोळ्याच्या दिवशी गडी बैल धरून तोरणाखाली जमले. बायका लांब, मारुतीच्या ओट्यावर. त्यांनी तोरणाजवळ जायचं नाही अशी रीत. गेल्या सालचा फेटा बांधून शालिग्राम पुढं झाला.

“आज्याची गाडी गेली, बापाची गाडी गेली,
पांधणीच्या वाटेनं नवी नवरी आली...”

पुढच्या दोन ओळी बाकी होत्या. पण समोर पाटील मिशीवरून बोट फिरवत उभा होता, आणि पांधणीचं नाव निघताच ते बोट थांबलं. शालिग्रामची दातखीळ बसली.

अर्धी झडती अपशकुनाची, ती पुरी झाल्याशिवाय तोरण तुटत नाही. बैल शिंगं हलवू लागले. “म्हण ना रे!” लोक ओरडले. शालिग्राम खाली पाहत राहिला. राहिलेल्या दोन ओळी मनकर्णाच्या घशात निखाऱ्यासारख्या पोळत होत्या. तिला त्या गिळवेनात; तिनं ओट्यावरूनच ठणकावल्या.

“पाटलाच्या नांगराले चाकोरी नाही दिसली,
गावाची पांधण त्याच्या वावरात घुसली!
हर बोला!”

गाव खदखदून हसलं. मग पाटलाकडे पाहून एकदम चिडीचूप झालं. महादेवाची आरोळी कोणी दिलीच नाही.

“कोण बोललं थे?” पाटलानं विचारलं.

शालिग्रामनं घाईघाईनं हात जोडले. “झडती माहीच हाये, पाटील. ऐकून ऐकून तिच्या ध्यानात राह्यली. बाईमाणूस हाये, माफी करा.”

पाटलानं वाट खाल्ली तेव्हा मनकर्णाला राग आला होता. नवऱ्यानं तिचा बोलच खाल्ला तेव्हा तिच्या अंगाची लाही झाली. सासू तुळसाबाईनं तिचा पदर ओढला, “चूप राह्य वं, घराची इज्जत जाईन.” पदर सोडवून ती ओटा उतरली आणि थेट तोरणाखाली जाऊन उभी राहिली.

“त्यायची नाही. माही हाये. तीन फेट्यायच्या तिन्ही माह्याच.”

पाटील हसला. “असं काय? मंग म्हण दुसरी. आत्ता, इथंच. नाही जमली तं मारुतीसमोर नाक घासा लागन.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. डोक्यात एक शब्द नव्हता. बैलांवरच्या झुली दिसल्या, नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा दिसला, आणि शब्द आपोआप येऊ लागले.

“बैलाले झूल, शिंगाले बेगड, नवऱ्याले फेटा,
जिच्या तोंडचा बोल, तिच्या वाट्याले गोठा!
पाटील इचारे कोणाचं, कोणाचं म्हणून सांगू?
माह्या पोटच्या लेकराले कायले उसनं मांगू?
हर बोला!”

गडी पाटलाकडे पाहू लागले. मग ओट्यावरून एक म्हातारा, फाटका आवाज आला, “हर हर महादेव!” तो तुळसाबाईचा होता. पाठोपाठ सगळ्या बायका ओरडल्या, मग गडीही. आरोळी झाली म्हणजे झडती गावानं मानली, तिच्यापुढं पाटलाचंही चालत नाही. त्यानं तोरण तोडलं. फेटा मात्र त्या साली कोणालाच दिला नाही.

शालिग्राम बैल घेऊन घरी आला तेव्हा मनकर्णा ताट घेऊन दारात उभी होती. तिनं बैलांचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. तो कासरा धरून घुटमळत राहिला.

“सारं गाव हासून राह्यलं. आता लोक मले काय म्हणतीन?”

मनकर्णानं बैलाच्या तोंडात पुरणाची पोळी दिली.

“मनकर्णाचा नवरा म्हणतीन,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या बैलाकडे वळली.